फासबिंडरच्या टीव्ही फिल्म ‘वगळा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जर्मन दिग्दर्शक राइनर वर्नर फासबिंडरवरचा एक मेसेज सध्या फिल्म सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: त्याची टीव्हीची कामं पोटापाण्यासाठी, नशेत, तयारीविना उरकलेली आहेत. 16 एमएमच्या अरुंद फिल्मपट्टीवर असल्यामुळे ती अंधुक दिसतात, म्हणून बघायचीच तर ‘एआयने सुधारलेली’ फुल स्क्रीन कॉपी बघा. कामगारांवरच्या मालिकेवर बंदी आली होती. आणि ‘मॅट्रिक्स’ त्याच्या फिल्मवरून चोरला. हे वाचून माझ्या भाचीच्या फिल्म क्लबने त्याच्या जुन्या कामांच्या रेट्रोस्पेक्टिव्हमधून ‘मार्था’ आणि ‘वेल्ट आम ड्राट’ या दोन्ही टीव्ही फिल्म काढून टाकल्या. मग गप्प कसं बसायचं?

‘तयारीविना’ म्हणणाऱ्यांनी ‘मार्था’ (1974) मधला एकच शॉट बघावा. रोममधल्या जर्मन वकिलातीबाहेर मार्गिट कार्स्टेन्सन आणि कार्लहाइन्झ ब्योम हे कलाकार एकमेकांसमोरून जातात. कॅमेरा त्या दोघांभोवती पूर्ण फिरतो, आणि त्याच वेळी ते दोघंही स्वतःभोवती वळतात. कॅमेरामन मिखाएल बालहाउसने नंतर अनेकदा सांगितलंय की त्याने अर्धवर्तुळ सुचवलं होतं, पूर्ण वर्तुळ का नको हे फासबिंडरने विचारलं. आता हे करायचं तर काय लागतं? गोल रूळ घालायचे, ते चौकटीत दिसू द्यायचे नाहीत. नटांना रूळ ओलांडून आत यायचं आणि बाहेर पडायचं, तेही खाली न बघता. कॅमेरा चारी दिशांना बघणार, म्हणजे जमिनीवर दिवा ठेवायला जागा नाही आणि युनिटमधल्या कोणाला उभं राहायलाही नाही. नट अर्धं पाऊल चुकला की फोकस गेला. असा शॉट नशेत उरकता येत नाही. हाच बालहाउस पुढे अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीकडे कॅमेरामन म्हणून गेला.

कोकेन आणि झोपेच्या गोळ्यांनी 10 जून 1982 रोजी, वयाच्या 37 व्या वर्षी फासबिंडर गेला हे खरं. पण 1982 चा मृत्यू 1973 च्या कामाला कारण म्हणून कसा चिकटवता? वेग मात्र अफाट होता, हे मान्य करावंच लागेल. ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ या त्याच्या फिल्मचं शूटिंग दोन आठवड्यांच्या आसपास उरकलं. काही कामं कच्चीही आहेत. ‘दास काफेहाउस’ (1970) हे मुळात व्हिडिओवर घेतलेलं नाटक. कार्यक्रमात वेळ कमी असेल तर ते खुशाल वगळा.

आता त्या ‘सुधारलेल्या’ कॉपीबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच होतंय. 16 एमएमची चौकट साधारण 10.3 बाय 7.5 मिलिमीटर, म्हणजे 35 एमएमच्या जुन्या चौकटीच्या जेमतेम साडेचारावा हिस्सा. पडद्यावर ती तितकी जास्त ताणली जाते, म्हणून दाणा (फिल्मवरचे बारीक ठिपके) दिसतो. तो दाणा हेच त्या फिल्मवरचं चित्र आहे, त्यावर साचलेली घाण नव्हे. सॉफ्टवेअर त्याला कचरा समजून पुसतं आणि त्यासोबत त्वचेचा, कापडाचा पोतही पुसून टाकतं. चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. त्यावर कडी म्हणजे 4:3 चं (जुन्या टीव्हीसारखं चौकोनी) चित्र 16:9 च्या रुंद पडद्यात बसवायला वरखालून मिळून 25 टक्के उंची कापली जाते. ‘वेल्ट आम ड्राट’ (1973) मध्ये जवळपास प्रत्येक खोलीत आरसे आणि काचा आहेत. माणसासोबत त्याचं प्रतिबिंब दिसावं, आपण नक्की कोणाकडे बघतोय याचा भरवसा वाटू नये, यासाठी चौकट बांधली आहे. आरशाची वरची कड कापली की तो आरसाच राहत नाही, नुसतीच पलीकडची एक खोली वाटते. कथा खऱ्या आणि बनावट जगाची आहे, आणि तुम्ही नेमका तोच पुरावा कापताय! खुद्द बालहाउसच्या देखरेखीखाली दुरुस्त केलेली प्रत 2010 च्या बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. तीच मागवा.

‘बंदी’ कसली? कामगारांवरच्या त्या मालिकेचे, ‘आख्ट श्टुंडेन झिंट काइन टाग’चे, आठ भाग ठरले होते. पाच बनले आणि 1972–73 मध्ये रीतसर प्रसारित झाले. उरलेले तीन वेस्टडॉयचर रुंडफुंक या वाहिनीने रद्द केले. निर्णय वाईट होता, पण त्याला बंदी म्हणत नाहीत. शिवाय ही मालिका म्हणजे घोषणाबाजी, असं ज्याला वाटतं त्याने ती पाहिलेली नाही. त्यातली आजी पडून राहिलेल्या ग्रंथालयात बालवाडी सुरू करते, ते बघा.

‘मॅट्रिक्स’चं एका वाक्यात: ‘वेल्ट आम ड्राट’ हीच मुळात डॅनियल गॅलुयच्या 1964 च्या कादंबरीवर आहे, 1999 चा ‘द थर्टीन्थ फ्लोअर’ही त्याच कादंबरीवर, तेव्हा चोरी म्हणायला आधार नाही.

भाचीच्या क्लबसाठी आणि इतरांसाठी: ‘वेल्ट आम ड्राट’चे दोन भाग मिळून जवळपास साडेतीन तास होतात, मध्ये मध्यंतर घ्या, पण दोन्ही एकाच दिवशी दाखवा. प्रोजेक्टरवर ‘फुल’ किंवा ‘झूम’ नको, 4:3 ठेवा. बाजूंना काळे पट्टे दिसणारच, दिसू द्या. टीव्हीवर दाखवत असाल तर मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा. प्रत कापलेली आहे का हे आधी तपासा: श्रेयनामावली थांबवून बघा. अक्षरं वरच्या किंवा खालच्या कडेला टेकली असतील, किंवा उभ्या माणसांची डोकी सारखी कापली जात असतील, तर ती प्रत परत करा.