ऐंशी लक्समधली घटपर्णी

माझ्या खोलीतल्या टेबलावर घटपर्णी ठेवायचे ठरले, तेव्हा जी वनस्पती किडे खाते तिला उन्हाची काय गरज, असा प्रश्न माझ्या मेहुण्यांनी विचारला आणि घरातल्या सर्वांनी माना डोलावल्या. वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच होती, की तो घटपर्णीला मान्य नव्हता. ही वनस्पती अत्यंत निकस जमिनीत वाढते, म्हणून नत्र आणि स्फुरद यांची उणीव ती किड्यांकडून भरून काढते. परंतु जगण्यासाठी लागणारी साखर तिला इतर कोणत्याही झाडाप्रमाणे हिरव्या पानांत, प्रकाशाच्याच बळावर तयार करावी लागते. किडा हे तिचे जेवण नसून तोंडी लावणे आहे. उलट, तो किडा पकडण्यासाठी कलश, म्हणजे पानाच्या टोकाला लोंबणारा पेला, घडवणे हाच तिच्या दृष्टीने मोठा खर्च असतो आणि प्रकाशाची आवक घटली की ती कोणत्याही सुज्ञ गृहिणीप्रमाणे सर्वांत आधी याच खर्चाला कात्री लावते. पान येते, पानाच्या टोकातून ताणा निघतो, ताण्याच्या टोकाला इवलीशी गाठ दिसू लागते आणि मग ती गाठ तशीच वाळून जाते. कलशांवाचून हे झाड इतके सामान्य दिसते, की ते कौतुकाने दाखवणाऱ्या यजमानाकडेच पाहुणे काळजीने पाहू लागतात.

ज्या खोलीसाठी घटपर्णीची जात निवडणे चालले होते, तिला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीला एक भिंत आहे, म्हणजे समोरच्या इमारतीची. तरीही खोली अंधारी आहे हे घरात कोणालाच मान्य नव्हते. याला कारण माणसाचा डोळा. अंधारात बाहुली मोठी होते, दृष्टिपटल अधिक संवेदनशील होते आणि थोड्याच वेळात मेंदू जाहीर करतो, की सगळे स्वच्छ दिसते आहे. झाडाला ही सोय नाही. त्याला जेवढा प्रकाश मिळतो तेवढाच ते मोजते. शेवटी मुलीने मोबाईलमध्ये प्रकाश मोजण्याचे ॲप घेतले आणि घरभर फिरून आकडे वाचायला सुरुवात केली. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो. माझ्या टेबलावर ऐंशीच्या आसपास भरला.

"बाबा, हे ॲप बिघडलंय का?" तिने विचारले.

ॲप बिघडलेले नव्हते. ते घेऊन ती खिडकीच्या काचेला चिकटली, तेव्हा आकडा हजाराच्या घरात गेला आणि दोन पावले मागे येताच पुन्हा शेकड्यांत कोसळला. प्रकाश इतक्या भराभर ओसरतो हे डोळ्याने कधीच सांगितले नसते.

आता निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. घटपर्णीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या ज्या मला आवडल्या, त्यांच्यापैकी एकीलाही माझी खोली पसंत पडण्याची शक्यता नव्हती. छायाचित्र पाहून मी पहिल्यांदा भाळलो तो 'राजा' या जातीवर. हिचे शास्त्रीय वर्णन ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ हुकर यांनी १८५९ मध्ये केले आणि हिच्या कलशात कधीकधी तीन लिटरपर्यंत पाणी मावते. पण ही राहते बोर्निओतल्या किनाबालू आणि ताम्बुयुकोन या पर्वतांवर, दीड हजार मीटरच्या वर, जिथे दिवसा लख्ख उजेड आणि रात्री बोचरी थंडी असते. माझ्या खोलीत या दोन्हींच्या बरोबर उलट व्यवस्था आहे. शिवाय वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, सर्वांत कडक पहिल्या परिशिष्टात तिचे नाव आहे. त्याच परिशिष्टात मेघालयातली खासियाना ही जातही आहे. ती स्वभावाने बरीच सोशिक असली, तरी ती रोपवाटिकेत वाढवलेली आहे याची खात्री कागदोपत्री पटल्याखेरीज तिला घरात आणण्याचा विचार कोणी करू नये.

त्यानंतरच्या उमेदवारांना प्रकाशाबरोबर नोकरचाकरही लागत होते. लोवी ही जात किड्यांवर फारशी अवलंबूनच नाही. ट्री श्रू नावाचा खारीसारखा एक छोटा प्राणी तिच्या झाकणाखालचा गोड स्राव चाटायला येतो, कलशावर बसतो आणि चाटता चाटता कलशातच मलविसर्जन करून जातो. झाडाला नत्र मिळते ते त्यातून. हे मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवले आणि ती जात यादीतून एकमताने बाद झाली. हेम्सलेयाना या जातीच्या कलशात दिवसा एक लहानसे वटवाघूळ झोपते आणि भाडे म्हणून विष्ठा देते. त्या कलशाची मागची भिंत वटवाघळाच्या हाकेचा प्रतिध्वनी ठळकपणे परतवते, त्यामुळे त्याला दाट पानांतही आपली खोली बरोबर सापडते. बायकॅल्करेटाच्या झाकणाखाली सापासारखे दोन सुळे असतात आणि तिच्या पोकळ, फुगीर ताण्यात मुंग्यांची एक खास जात वसाहत करून राहते. या मुंग्या कलशातल्या द्रवात बुडी मारून शिकार बाहेर काढतात आणि तरीही सुखरूप राहतात. आमच्या घरातही मुंग्या आहेत, पण त्या कोणासाठी काम करतील असे वाटत नाही.

मग कोणीतरी अँप्युलारियाचे नाव सुचवले आणि घरात आशेचे वारे वाहू लागले. ही जात जंगलाच्या सावलीत, जमिनीलगत वाढते. तिचे बुटके, गोलमटोल कलश घोळक्याने बसलेले असतात, त्यांची झाकणे चक्क मागे वळलेली असतात आणि वरून गळणारा पालापाचोळा त्यांत पडून कुजावा अशीच त्यांची रचना असते. म्हणजे सावलीत राहणारी आणि जवळजवळ शाकाहारी! माझ्या मेहुण्यांनी तर निवड संपल्याचे जाहीर केले. परंतु 'सावली' म्हणजे किती, हे विचारण्याची मला एव्हाना सवय लागली होती. घनदाट वर्षावनाच्या जमिनीपर्यंत वरच्या उन्हाचा साधारण एक ते दोन टक्के भाग पोहोचतो, असे वनस्पतिशास्त्राची पुस्तके सांगतात. लाखाचा एक टक्का म्हणजे हजार. याचा अर्थ, ज्या सावलीत वाघ दिसत नाही ती सावलीदेखील माझ्या टेबलापेक्षा दहापटींहून अधिक उजळ असते. शिवाय अँप्युलारियाला सखल प्रदेशातली बाराही महिने टिकणारी ऊब आणि सतत दमट हवा हवी. आणि पालापाचोळ्याच्या नावाने माझ्या खोलीत वरून गळते ती फक्त धूळ.

या टप्प्यावर अनेक जण न्हाणीघराचा सल्ला देतात, कारण तिथे हवा दमट असते. तिथला आकडा मी इथे देत नाही. आर्द्रता पन्नास-साठ टक्क्यांच्या खाली गेली तर कलश धरण्यात अडचण येते हे खरे, पण ती पुढची गोष्ट. उजेड नसताना केवळ दमटपणा दिला तर लाभ होतो तो बुरशीला.

सरतेशेवटी निवड झाली ती व्हेंट्राटा या संकरित जातीची. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा म्हणून ओळखली जाणारी दुसरी फिलिपिनी जात यांच्या संकरातून ती आली आहे. जाणकार मंडळी तिच्याकडे थोडेसे नाक मुरडून पाहतात, कारण ती सर्वत्र मिळते. परंतु ती सर्वत्र मिळते ती माणसांच्या घरांतल्या साधारण तापमानात आणि साधारण आर्द्रतेत तग धरते म्हणूनच. माझ्या मते नवख्या माणसाने दुर्मीळ जातीच्या मागे लागणे हा त्या जातीवर अन्याय आहे. हिला पावसाचे किंवा क्षारमुक्त केलेले पाणी लागते, खत घातलेली माती अजिबात चालत नाही, स्फॅग्नम मॉस हे शेवाळ आणि परलाइटचे हलके पांढरे दाणे यांचे भुसभुशीत मिश्रण चालते आणि तिची मुळे सतत पाण्यात बुडालेली ठेवायची नसतात. हे सगळे जमण्यासारखे आहे.

उजेडाच्या बाबतीत मात्र व्हेंट्राटानेही सवलत दिली नाही. तेव्हा अंधाऱ्या खोलीसाठी खरी निवड करायची असते ती दिव्याची. झाडाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर पांढरा एलईडी दिवा आणि तो रोज बारा ते चौदा तास चालू ठेवणारा टायमर, एवढी योजना ठरली. मुलीने पुन्हा मोबाईल धरला; आकडा दहा हजारांच्या आसपास गेला आणि प्रवासात जुने कलश वाळलेल्या त्या रोपाने काही आठवड्यांनी पहिल्या नव्या गाठीला झाकण फुटू दिले.

नवी अडचण वेगळीच निघाली. त्या खोलीत नीट दिसेल अशी आता तेवढीच एक जागा असल्यामुळे, सुईत दोरा ओवणे, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचणे आणि पायातला काटा काढणे ही सर्व कामे कुंडीला बाजूला सारून तिथेच होऊ लागली. मेहुणे तर येताना आता चष्मा विसरूनच येतात आणि थेट झाडाशेजारची खुर्ची पकडतात. "किडे खाणाऱ्या झाडाला एवढा दिवा कशाला," असे ते आजही म्हणतात, पण त्या दिव्याखाली बसून म्हणतात. आणि मी त्यांना प्रत्येक वेळी विनंती करतो, की बोलणे चालू ठेवा, फक्त डोके जरा मागे घ्या, तिच्यावर सावली पडते आहे.