लस घेऊन पण झालाच की!

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये सप्टेंबर सरत आला की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या दारात पत्रं पडायला लागतात. फ्लूची सुई कधी, कुठं, आणि ७५ च्या पुढं वय असेल तर कोविडचीही त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेणार का. यंदा त्याच सुमाराला सांगलीत आमचे अण्णा खोकत होते. गणपतीत ताप आला, विसर्जनापर्यंत उतरला, खोकला मात्र दसऱ्यापर्यंत मुक्कामाला राहिला. कोविड होता, फ्लू होता की आणखी काही, ते कुणी तपासलं नाही. दोन सलाईन लागल्या आणि अँटिबायोटिकचा कोर्स झाला. विषाणूला अँटिबायोटिक ढिम्म हलवत नाही, पण बिल बघून आपण बरे होतोय असं वाटतं खरं.

फोनवर मी बूस्टरचा विषय काढला. अण्णा ७८ वर्षांचे, जन्मभर हिशेबनीस, त्यामुळं उत्तर तयार होतं. "अगं, कोव्हिशील्डचे दोन घेतले, तरी बावीसच्या जानेवारीत झालाच की! मग तिसरा कशाला?"

हे वाक्य मी सांगलीत इतक्यांकडून ऐकलंय की त्याची म्हण व्हायला हरकत नाही. आणि त्यात लोकांची चूक नाही. लस म्हणजे कवच, एकदा घेतली की सुटलो, असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. कवचाला भोक पडलं की माणूस कवच विकणाऱ्यावर चिडणारच.

अण्णांना मी कवचाऐवजी पुराची गोष्ट सांगते. आमचं जुनं घर गावभागात. २००५ ला कृष्णा घरात शिरली तेव्हा आम्ही गाफील होतो. गहू भिजला, गाद्या गेल्या, फोटोंचा अल्बम गेला. त्यानंतर अण्णांनी भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवली आणि सगळं महत्त्वाचं सामान त्या खुणेच्या वर लावलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, म्हणजे २००५ च्याही वर, आणि आमची खूण पाण्याखाली गेली. तरी नुकसान पहिल्यासारखं झालं नाही, कारण कोयनेतून पाणी सोडल्याचा निरोप आला की काय करायचं, हे घराला पाठ झालं होतं. २०२१ ला तर खूण नवी होती. पाणी आलंच. पण गाळ काढून चूल पेटायला पहिल्या वेळी महिना लागला होता, त्या वर्षी आठवडा.

शरीराचं साधारण असंच चालतं. लशीनंतर रक्तात ज्या अँटिबॉडी तयार होतात त्या काही महिन्यांत ओसरतात. शिवाय दंडात दिलेल्या लशीची पहारेदारी नाकाघशात तशी तोकडीच, आणि विषाणू पहिला पाय ठेवतो तो तिथंच. म्हणून सर्दी-ताप येतोच. पण विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मरणपेशी मागं राहतात. त्या जाग्या व्हायला दोन-चार दिवस घेतात आणि मग विषाणूला फुप्फुसापर्यंत सहजासहजी जाऊ देत नाहीत. ओमायक्रॉन आला तेव्हा पाणी खुणेच्या वर गेलं, एवढंच. बूस्टर म्हणजे भिंतीवरची खूण पुन्हा काढणं. नव्या विषाणूप्रमाणे बदललेला बूस्टर असेल तर नव्या उंचीवर.

आजारपणाचे दिवस खरंच कमी होतात का? अमेरिकेत आरोग्य कर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान अशा जवळजवळ ४,००० लोकांवर दर आठवड्याला तपासणी करून नजर ठेवली होती. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेऊनही ज्यांना कोविड झाला त्यांच्यात ताप येण्याचं प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होतं आणि अंथरुणावर काढलेले दिवस सरासरी २.३ ने कमी. हे बूस्टरच्या आधीचं, ओमायक्रॉनच्याही आधीचं, त्यामुळं आकडा जसाच्या तसा आज लावता येणार नाही. दिशा मात्र तीच आहे.

हे २.३ दिवस सांगलीत कुणीच का मोजत नाही, याचं मला नवल वाटतं. इथं मी आजारी पडले तर पहिले ७ दिवस डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही, साहेबांना कळवलं की झालं. पगार चालू. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाला, ऊसतोडीला आलेल्या बाईला दोन दिवस अंथरूण धरलं तर दोन दिवसांची मजुरी गेली. इकडं लशीचा हिशेब इस्पितळातल्या खाटांवरून मांडतात. तो आपल्याकडं जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. आपला हिशेब मजुरीत मांडायला हवा.

आता दुसरा मुद्दा, तो माझा भाऊ काढतो. "ताई, ती तुमच्या लंडनच्या कोर्टातली भानगड वाचलीस का?" मे २०२४ मध्ये सांगलीतल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बातमी होती: ॲस्ट्राझेनेकानं कोर्टाच्या कागदपत्रांत मान्य केलं की त्यांच्या लशीनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आपली कोव्हिशील्ड तीच. झालं, जिममध्ये कोण पडला, लग्नात नाचताना कोण गेला, सगळं लशीच्या खात्यावर.

मला गंमत वाटते ती तारखांची. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ मध्येच जाहीर करून सांगितलं होतं की या गुठळ्यांचा धोका आहे, अगदी दुर्मीळ आहे, म्हणून तिशीच्या आतल्यांना शक्यतो वेगळी लस देऊ. मे महिन्यात ही रेषा चाळिशीपर्यंत नेली. माझ्या ऑफिसातल्या तिशीतल्या मुलींना वेगळी लस मिळाली, मला हीच. गोंधळ झाला, पण घबराट झाली नाही. तो धोका प्रामुख्यानं पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांतला. सांगलीपर्यंत त्याची बातमी पोचली तीन वर्षांनी, धोक्याची वेळ कधीच टळून गेल्यावर, आणि तीही फॉरवर्ड होऊन. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, अभ्यास केला आणि लशीमुळं धोका वाढलेला दिसत नाही, असं आदल्याच वर्षी, २०२३ मध्ये सांगितलं होतं. पण लोकांचा कान दुसरीकडं लागला होता. वेळेवर न पोचलेली खरी गोष्ट नंतर अफवेच्याच चेहऱ्यानं येते.

म्हणून परदेशात राहून 'सगळ्यांनी बूस्टर घ्या रे' असा उपदेश करणाऱ्यांतली मी नाही. आमच्या नातेवाइकांना वाटतं, इकडं लोक सहा महिन्यांनी बूस्टर घेत सुटलेत. खरं म्हणजे २०२५ च्या हिवाळ्यासाठी कोविडची सरकारी लस ७५ वर्षांपुढच्यांना, वृद्धाश्रमातल्या वृद्धांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलीय त्यांनाच होती. आदल्या वर्षी ६५ ची अट होती. भारतात तर २०२१ च्या जुलैपर्यंतच आयसीएमआरच्या पाहणीत ६७.६ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या होत्या, आणि त्यानंतर ओमायक्रॉननं कुणाला सोडलं? धडधाकट तिशीतल्या माणसाला आता आणखी एका डोसानं फार काही मिळेल असं मला वाटत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पोलिओच्या थेंबांसाठी एसटी स्टँडवर उभं राहून पोरं पकडणारे आपण. पण सत्तरीतल्या माणसाला फ्लूची लस घेतलीत का, असं कुणी विचारत नाही. फ्लूचा विषाणू दरवर्षी वेश बदलतो, त्याची लस दरवर्षी नवी निघते, आपल्याकडं तो पावसाळ्यात जोर करतो. हे सगळं ठाऊक असून मोठ्यांसाठी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. ज्याला माहीत आहे त्यानं खाजगीत दीड-दोन हजार मोजायचे. माझी शेजारीण ७९ ची. तिनं गेल्या हिवाळ्यात फ्लू, कोविड आणि आरएसव्ही (हाही श्वसनमार्गाचाच एक विषाणू) अशा तिन्ही लशी घेतल्या. तरी तिला कोविड झाला. पाचव्या दिवशी ती कुत्रं फिरवायला बाहेर! एका म्हातारीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण अण्णांचा महिनाभराचा खोकला फोनवर ऐकताना मला तीच दिसत होती.

परवा भावाचा फोन आला. अण्णांनी फ्लूची लस घेतली. माझ्या पुराच्या गोष्टीमुळं नव्हे, तर बीपीची गोळी बदलायला गेले तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं म्हणून. पैसे जास्त घेतल्याची तक्रार दोन दिवस चालली आहे.

मग फोन त्यांनीच घेतला. "तू घेतलीस का गं तिकडं?"

"नाही अण्णा, माझं वय बसत नाही. फुकट पासष्टनंतर."

"मग पैसे देऊन घे की! मला शहाणपण शिकवतेस," म्हणाले, आणि खोकले. एकदाच.