सी-३ कॉर्व्हेटला नावं ठेवणाऱ्यांसाठी

कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार, हिचा विषय निघाला की सी-२चं (दुसऱ्या पिढीचं) कौतुक आणि सी-३ला (तिसऱ्या पिढीला) नावं, हे ठरलेलं. "दिसायला झकास, पण दम नाही." मिशिगनला राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हेच ऐकतोय. मला हा अन्याय वाटतो.

सी-२, म्हणजे १९६३ ते १९६७ची स्टिंग रे, देखणी आहे यात वादच नाही. पहिल्या वर्षीच्या कूपेची (बंद छताच्या दोन दारी गाडीची) मागची काच मधोमध पट्टीने दुभागलेली होती. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांचा त्या पट्टीवर जीव. इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांची तक्रार, की तिच्यामुळे मागचं नीट दिसत नाही. १९६४ला पट्टी गेली. आज लोक त्याच एका वर्षाच्या गाडीमागे धावतात, पण मला विचाराल तर डंटोव्ह यांचंच बरोबर होतं.

१९६८ला सी-३ आली तेव्हा अंगावरचा फायबरग्लासचा साज नवा होता, पण खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बहुतांशी सी-२चीच. तोच ९८ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), मागे तीच आडवी पाट्यांची स्प्रिंग. त्यामुळे "सी-२ची खरी चाल सी-३त नाही" असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आता हॉर्सपॉवर. १९७१ला साध्या ३५० क्यूबिक इंच इंजिनाचा आकडा २७० होता, १९७२ला २००. एका वर्षात ७० घोडे पळून गेले? नाही, मोजायची पद्धत बदलली. आधी इंजिन चाचणीच्या बाकावर एकटं ठेवून मोजायचे. मग सायलेन्सर, एअर फिल्टर, अल्टरनेटर असं गाडीत असतं ते सगळं जोडून मोजू लागले. म्हणून १९६५चा आकडा १९७५च्या आकड्याशेजारी ठेवणं चूकच.

ताकद खरोखर कमीही झाली, ते मी लपवत नाही. शिसंविरहित पेट्रोलसाठी १९७१ला कॉम्प्रेशन (इंजिनात इंधन-हवेचं मिश्रण किती दाबलं जातं ते) उतरवलं, १९७५ला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि साधं इंजिन १६५वर येऊन थांबलं. पण तो काळच तसा होता. धुराचे कायदे, बंपरचे नियम, १९७३चं तेलसंकट यांत त्या काळच्या कितीतरी दमदार अमेरिकन गाड्या बंद पडल्या. कॉर्व्हेट टिकली. सी-२चं सर्वांत चांगलं वर्ष १९६६, तेव्हा २७,७२० गाड्या बनल्या. १९७९ला सी-३ बनल्या ५३,८०७. या गाडीने घर चालवलं, म्हणून पुढच्या पिढ्या जन्माला आल्या.

दोष आहेतच. आत जागा कमी, डिकीला बाहेरून झाकणच नाही, सामान सीटवरून मागे ढकलावं लागतं. बॉनेटमध्ये लपलेले हेडलाइट व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) उघडतात, त्यामुळे जुन्या गाडीत एक डोळा आधी उघडतो आणि दुसरा सावकाश.

शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे १९७५ची आहे. एका रविवारी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. सीट इतकी खाली की जमिनीवरच बसल्यासारखं वाटतं. समोर लांबलचक बॉनेट आणि दोन्ही बाजूंना चाकांवर फुगलेले मडगार्ड. टी-टॉपच्या, म्हणजे छताच्या निघणाऱ्या, दोन्ही फळ्या काढून मागे ठेवल्या होत्या. तळ्याकाठच्या वळणावर उजवा मडगार्ड रस्त्याच्या कडेकडेने सरकत गेला आणि १६५ हा आकडा मला आठवलासुद्धा नाही.