विनोदाला लांबी हवी

घरी फोन केला किंवा कुणी पुण्याहून इथे आलं, की अलीकडे एक वाद हमखास निघतो. विनोदी साहित्य दुय्यम का मानतात? एक बाजू म्हणते, मराठी विनोद म्हणजे चाळ, पेठ आणि महिन्याच्या महिन्याला पगार असणाऱ्यांची करमणूक. ज्यांना दोन वेळचं अन्न मिळवायला झगडावं लागलं, त्यांना त्यात काय हसण्यासारखं सापडणार? दुसरी बाजू म्हणते, विनोदाला आपल्याकडे कधी मानच मिळाला नाही. आता तर कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावतात, मग लिहील कोण? मला दोन्ही बाजू अर्ध्यामुर्ध्याच पटतात. जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती या वादात कुणी काढतच नाही.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, थेम्सच्या काठावर. याच नदीवर जेरोम के. जेरोम यांनी 1889 साली ‘थ्री मेन इन अ बोट’ ही कादंबरी लिहिली. किंग्स्टनहून ऑक्सफर्डपर्यंत नाव वल्हवत जायचं आणि परत यायचं, पंधरा दिवसांची सुट्टी. तीन अविवाहित मित्र आणि एक कुत्रा. घडतं काय, तर काहीच नाही. तंबू उभा राहत नाही, सामान बांधताना लोण्यावर कुणीतरी बसतं, पाऊस येतो. परतीच्या वाटेवर पावसाला कंटाळून तिघं पँगबोर्नला गुपचूप नाव सोडतात आणि आगगाडीने लंडन गाठून चांगलंचुंगलं जेवतात. ते पँगबोर्न आमच्या स्टेशनपासून दोन स्टेशनं पलीकडे आहे. आमच्या रेडिंगबद्दल जेरोम यांचं मत वाईट होतं. इथली नदी घाण आहे, इथे रेंगाळू नये, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आज कॅव्हरशॅमच्या बाजूने संध्याकाळी चालत गेलं तर ते मत मुळीच पटत नाही.

त्यातला अननसाच्या डब्याचा प्रसंग बघा. नदीकाठी जेवण चाललंय, थंड मांस खाऊन झालंय आणि अननसाचा डबा निघतो. तिघांचे चेहरे उजळतात. मग लक्षात येतं, डबा उघडायचं हत्यार आणलेलंच नाही. हॅरिस खिशातल्या चाकूने प्रयत्न करतो, चाकू मोडतो, हात कापतो. जॉर्ज कात्री चालवतो, ती उडून डोळ्यापाशी येते. निवेदक नावेच्या आकड्याने डबा भोसकायला जातो आणि स्वतःच चिखलात पडतो. डब्याला ओरखडाही नाही. मग तिघं मिळून दगड आणि डोलकाठी घेतात. जॉर्जने डबा धरायचा, हॅरिसने दगडाचं टोक त्यावर टेकवायचं आणि वरून काठीचा घाव घालायचा. त्या दिवशी जॉर्ज वाचतो तो डोक्यावरच्या गवती टोपीमुळे. ठोकून ठोकून डब्याचे नाना आकार होतात, पण भोक काही पडत नाही. शेवटी हॅरिस तो नदीत मधोमध भिरकावतो आणि तिघं मेडनहेड येईपर्यंत न थांबता वल्ही मारत राहतात.

हा प्रसंग वेगळा काढून कुणाला सांगितला तर तो हसेल, पण जरासाच. पुस्तकात वाचताना मात्र हसू आवरत नाही, कारण तोवर आपण या तिघांबरोबर बरेच दिवस काढलेले असतात. हॅरिस कामाचा सगळा भार अंगावर घ्यायला सदैव तयार असतो आणि घेतलेला भार लगेच दुसऱ्याच्या पाठीवर टाकतो. जॉर्जचा दिवस बँकेत झोपण्यात जातो. निवेदकाला आपणच काय ते शहाणे असं वाटतं, आणि बाकीच्या दोघांनाही स्वतःबद्दल तेच वाटतं. ही माणसं पाठ झाल्यावर डबा नुसता दिसला तरी पुरे, पुढे कोण काय करणार ते आपल्याला आधीच कळतं. नेमकं तेच घडलं की आपल्या ओळखीची पावती मिळते आणि ते हसू पोटातून येतं. मैत्रीवरच्या विनोदी कादंबरीची सारी ताकद मला या ओळखीत दिसते. आणि ओळख व्हायला पानं लागतात. शंभर तरी, दोनशे असतील तर उत्तमच.

आता घरच्या वादातली पहिली बाजू घेते, वर्गाची. 1889 साली लंडनच्या टीकाकारांनी जेरोम यांच्यावर नेमका उलटा आरोप केला होता. त्यांना ही भाषा हलकी वाटली. ‘पंच’ या साप्ताहिकाने लेखकाला ‘अ‍ॅरी के. अ‍ॅरी’ म्हणून हिणवलं. ‘हॅरी’ला ‘अ‍ॅरी’ म्हणणारा, म्हणजे ‘ह’ गाळून बोलणारा, नदीवर गर्दी करणारा पोरगेला कारकून अशी ती ओळख होती. गर्दी तेव्हा खरोखरच वाढत होती. 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर सामान्य घरांतली मुलं शाळेत जाऊ लागली होती, 1871 च्या कायद्याने बँकांना सुट्टीचे दिवस मिळाले होते आणि रेल्वेमुळे लंडनचा कारकून सकाळी निघून दुपारी नदीवर पोचत होता. वरच्या वर्गाला तो तिथे खुपत होता. या कादंबरीने त्याला नायक केलं. प्रकाशक अ‍ॅरोस्मिथ म्हणत, इतक्या प्रती छापतो, त्या जातात कुठे? लोक खातात की काय?

लिहिणाराही सुखवस्तू नव्हता. जेरोम तेरा वर्षांचे असताना वडील गेले, पंधराव्या वर्षी आई गेली. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी लागली, ती रुळांच्या कडेला पडलेला कोळसा वेचण्याची. पहिल्या महायुद्धात वयामुळे ब्रिटिश सैन्याने घेतलं नाही, तेव्हा फ्रेंच सैन्याची रुग्णवाहिका चालवायला गेले. अशा माणसाच्या हसण्याला पोट भरलेल्याचं हसणं कसं म्हणायचं?

म्हणून ‘मध्यमवर्गीय म्हणून दुय्यम’ हा निकाल मला मान्य नाही. तिथे हलका म्हणून नाकारला, इथे सुखवस्तू म्हणून नाकारतात. दोन्हीकडे पात्रांचा पगार मोजला जातो, लेखकाची कारागिरी कुणी बघत नाही. पण त्या आरोपात एक खरी गोष्ट आहे, ती नाकारून चालणार नाही. आपल्या जुन्या विनोदाचं जग अरुंद होतं. कितीतरी माणसं त्यात फक्त हसण्याचा विषय म्हणून आली, हसणारी म्हणून आली नाहीत. आणि हेही खरं की ते जग पुढे रुंदावलं. शंकर पाटील यांनी ते गावात नेलं, द. मा. मिरासदार यांनी भोकरवाडी वसवली. नाना चेंगट, बाबू पैलवान, शिवा जमदाडे, गणामास्तर ही चौकडी म्हणजे मित्रांच्या विनोदाचा अस्सल मराठी नमुना आहे. त्यांना एकमेकांवाचून करमत नाही, आणि एकत्र आले की काहीतरी अंगाशी आल्याशिवाय राहत नाही.

दुसरी बाजू, मानाची. ती तर मला अजिबात पटत नाही. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांची यादी काढून बघा. 1927 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, 1942 साली अत्रे, 1974 साली इचलकरंजीला पु. ल. देशपांडे, 1985 साली नांदेडला शंकर पाटील, 1998 साली परळीला मिरासदार. विनोदी लेखकांना इतक्या वेळा मांडवाच्या मधोमध बसवणारी भाषा विनोदाला मान देत नाही, असं कसं म्हणायचं?

माझं म्हणणं वेगळं आहे. आपण विनोद लिहिला तो आखूड लिहिला. लेख, कथा, एकांकिका, व्यक्तिचित्र, प्रवासवर्णनाचा तुकडा. याचं कारण मला दिवाळी अंकांत दिसतं. मराठी विनोद वाढला तो अंकांच्या आधाराने, आणि अंकाला हवी असते दहा-बारा पानांत संपणारी गोष्ट. मधुकर पाटकर यांनी 1951 साली सुरू केलेल्या ‘आवाज’सारख्या अंकांनी विनोदी लेखकांना घर दिलं, वाचक दिला, मानधन दिलं. ते ऋण मोठं आहे. पण त्या मापाची सवय लेखकालाही लागली आणि वाचकालाही. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही आपल्याकडची सगळ्यात थोर जोडी. ती आली सुट्या कथांतून. वाचकांनीच त्या कथा मनात एकमेकींना जोडून त्यांची कादंबरी केली. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती जोडी उभी केली, तेव्हा आठवड्यामागून आठवडा तीच माणसं भेटत गेली आणि महाराष्ट्राने त्यांना घरचं मानलं. पुन्हा पुन्हा भेटण्याची भूक आपल्या वाचकाला आहे, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या विनोदाबद्दलही माझी तक्रार एवढीच आहे. ती मुलंमुली हुशार आहेत, भाषा जिवंत आहे, वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी सगळ्या बोली आता ऐकू येतात. पण पात्राशी ओळख होण्याआधीच तो विनोद संपतो.

हे मला परदेशात राहून जास्त जाणवतं, कारण इथे मैत्रीचीच लांबी कमी झालीये. भेटायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरते. येणारा वेळेवर येतो, नीटनेटका असतो, दोन तास छान गप्पा मारतो आणि जातो. अशा भेटीत कुणाचं काही बिघडत नाही. माणूस कळतो तो बिघडल्यावर, आणि बिघडायला मोकळा वेळ लागतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही काही मराठी मंडळींनी हेन्लीला मोटरबोट भाड्याने घेतली. हॅम्बलडनच्या लॉकमध्ये शिरलो. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला मोठा हौद, त्यातलं पाणी कमी करून नाव खालच्या पातळीला उतरवतात. दोर खुंट्याला नुसता वेढा देऊन हातात धरायचा असतो, म्हणजे पाणी उतरेल तसा सोडत जाता येतो. आमच्यातल्या एका मित्राने, मूळच्या सांगलीच्या, तो पक्की गाठ मारून बांधला. पाणी उतरू लागलं आणि बोटीची एक बाजू दोराला लटकून वर राहू लागली. लॉककीपर ओरडत धावला, त्याने झडपा बंद केल्या. तोवर डबा, थर्मास, भडंगाची पिशवी सगळं एका कुशीला. एक मैत्रीण, एरवी अगदी मितभाषी, तिने तेवढ्यात त्या मित्राचा आणि त्याच्या गाठीचा जो उद्धार केला तो अस्सल साताऱ्याचा होता. तिला इतकं मोकळं बोलताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून आमचा गट बदललाय. आता कुणी तारीख न ठरवताही दार वाजवतं.

जेरोम यांच्या तिघांचंही लॉकमध्ये असंच झालं होतं. फोटोग्राफर किनाऱ्यावर उभा, हे ऐटीत पोझ देऊन बसलेले, आणि नावेचं टोक लाकडी कठड्याखाली अडकलेलं. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच नदीवर मराठीतून तीच आरडाओरड झाली, याचा मला फार आनंद वाटतो.

इंग्लंडने विनोदी कादंबरी हा स्वतंत्र प्रकार मानला, त्याची निगा राखली. विनोदी कादंबरीकार वुडहाउस यांच्या नावाने विनोदी कादंबरीला 2000 सालापासून पारितोषिक देतात. जिंकणाऱ्याला शॅम्पेन मिळते आणि एका डुकराला त्याच्या कादंबरीचं नाव ठेवतात. 2018 साली मात्र पारितोषिक दिलंच नाही, कारण सगळ्या परीक्षकांना मोठ्याने हसवेल असं एकही पुस्तक आलं नाही, असं त्यांनी जाहीर केलं. हसू आलं का, ही कसोटी इतक्या गांभीर्याने लावलेली मला आवडते. आपल्याकडे इतके पुरस्कार आहेत, त्यांतला एखादा फक्त लांब पल्ल्याच्या विनोदी कादंबरीसाठी ठेवायला काय हरकत आहे?

जेरोम यांच्या नावेत बाई नाही, हे मला प्रत्येक वाचनात खटकतं. बायका येतात त्या वैतागलेल्या बायको-मावशा म्हणून किंवा वाऱ्यावर उडणारा पोशाख म्हणून. मराठीत मंगला गोडबोले यांच्यासारख्या लेखिकांनी बाईच्या नजरेतला विनोद भरपूर दिला, पण चार मैत्रिणी मिळून घोळ घालतायत, अशी तीनशे पानं मला हवी आहेत.

आणि विषय कमी आहेत असं तर कुणी म्हणूच नये. ज्या सदाशिव पेठेच्या नावाने विनोदाला नावं ठेवतात, तिथल्या वाड्यांत आणि इमारतींत आज बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेली स्पर्धा परीक्षेची मुलं राहतात. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं-पाच जण. अभ्यासिकेतली जागा पकडायला पहाटे उठायचं, मेसची तीच भाजी, गावाहून आलेला डबा कुणाच्या कॉटखाली लपवायचा यावरून भांडण, जाहिरात निघायची वाट, निघालीच तर पुढे ढकललेली तारीख. घरी फोनवर सगळे एकच वाक्य सांगतात, ‘अभ्यास चांगला चाललाय.’ एकाचा इस्त्रीचा शर्ट मुलाखतीला पाळीपाळीने सगळे घालतात. यात दुःख आहे, ते लपवायचं कारण नाही. पण त्या खोलीत रोज रात्री जे हसणं होतं, तेही खरं आहे, आणि ते मांडायचा हक्क त्याच मुलामुलींचा आहे. त्यांच्यापैकी कुणी लिहायला घेतलं असेल, तर संपादकांना आणि प्रकाशकांना माझी हात जोडून विनंती आहे: ते दिवाळी अंकाच्या पानांत बसवायला कापू नका.