चाक बसलं काय?

जुनी बुलेट नव्याने उभी करणाऱ्याला लोक आधी वेडा म्हणतात, मग हौशी म्हणतात आणि गाडीला रंग चढला की "विकणार काय?" म्हणतात. माझी साडेतीनशे बुलेट १९७२ची, मद्रासची. टाकीवरच्या सोनेरी रेघा कुंचल्याने ओढलेल्या, मडगार्डात तोंड दिसावं असा काळा रंग. सगळं जागच्या जागी बसलं होतं. पुढचं चाक तेवढं भिंतीला टेकून उभं होतं.

सरकारला अशा गाड्यांचं कौतुक आहे. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पार केलेल्या मूळ रूपातल्या गाडीला वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. मग ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आमची बुलेट हा नियम निघायच्या कितीतरी आधीपासून पाळत आली आहे. त्यातलं प्रदर्शन आणि रॅली तेवढी व्हायची होती.

पुढचं चाक घालायचं म्हणजे गाडीचं नाक वर उचलायला हवं. बुलेटच्या इंजिनाखालून फ्रेमची नळी जात नाही, इंजिनच फ्रेमचं काम करतं. त्यामुळे टेकू द्यायचा तो थेट इंजिनाच्या पोटाला, म्हणजे क्रँककेसला. विटेने चरा पडणार, म्हणून आईकडे चौरंग मागितला. "रविवारी सत्यनारायण आहे, ऑइलचा एक थेंब पडता कामा नये," या अटीवर तो मिळाला. जुन्या बुलेटखाली ऑइल पडणार नाही, असं मानणारी माणसं अजून आहेत याचंच मला नवल वाटलं.

चौरंगावर पोतं, पोत्यावर बुलेट, आणि गाडीपुढे मांडी घालून मी. चाक गुडघ्यांत धरायचं, ब्रेक प्लेट (ब्रेकचं झाकण) डाव्या हाताने सावरायची, स्पीडोमीटरच्या डबीचे कान हबच्या खाचांत राहतील असं उजव्या हाताने दाबायचं आणि मग एक्सल (चाकाचा आस) फोर्कच्या (चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन्ही पायांखाली नेऊन खालून अर्धगोल टोप्या लावायच्या. टोप्या कुठल्या हाताने लावायच्या, याचा विचार कारखान्याने केलेला दिसत नाही. शिवाय ज्या पायाची टोपी त्याच पायाला. अदलाबदल चालत नाही.

आमची गल्ली बेळगावातल्या अनगोळची. दूध आणायला निघालेला माणूसही थांबून विचारतो, "चाक बसलं काय?" नाही म्हटलं की तो दूध विसरतो. समोरचे सुभेदारकाका तर घरातून खुर्ची घेऊनच आले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात निवृत्त सुभेदार पावलोपावली भेटतात, पण आमचे काका फौजेत बुलेटवर होते. ही गाडी या देशात बनू लागली ती फौजेमुळेच, हे ते इतक्या अधिकाराने सांगतात, की ऑर्डरीवर त्यांचीच सही असावी.

"चाक म्हणजे काय रे? अंधारात बसवायचो आम्ही."

"मग उजेडात बसवा की."

"उजेडाची सवय नाही."

पानेही साथ देईनात. जुन्या बुलेटचे नट इंची मापाचे. तेरा मिलिमीटरचा पाना शिरत नव्हता, चौदाचा नटाचे कोपरे खाऊन सुटत होता. शेवटी काकांनी फोन करून उद्यमबागेतल्या फौंड्रीतले त्यांचे मेस्त्री बोलावले. मेस्त्रींनी खिशातून सुती, म्हणजे इंची मापाचे पाने काढले, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तडीरी." म्हणजे कन्नडमध्ये 'थांबा'.

थांबणार कोण? घोडं अडलं होतं ब्रेक प्लेटपाशी. तिची खाच फोर्कच्या उंचवट्यात अडकली पाहिजे. नाही अडकली, तर ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरणार, केबल गुंडाळणार आणि आपण मडगार्डावरून पुढे जाणार. काका म्हणत होते प्लेट घड्याळाच्या दिशेने फिरव, गच्चीवरच्या काकू म्हणत होत्या उलट फिरव. कॉलेजातला एक पोरगा मोबाईलवर व्हिडिओ दाखवत होता, त्यातल्या गाडीला डिस्क ब्रेक होता. १९५६पासून इथला सीमाप्रश्न जसा ना इकडे ना तिकडे, तसं ते चाक फोर्कच्या तोंडाशी लटकलेलं. मेस्त्री जमिनीवर आडवे झाले, तळहाताने टायरला खालून एक थाप दिली आणि टक्क करून खाच बसली.

"आवळू?"

"बेडा, बेडा!" मेस्त्री ओरडले. म्हणजे नको, नको. आधी ब्रेकचा लिव्हर दाबून धरायचा, म्हणजे लायनर ड्रमला सारखे टेकतात, आणि मगच एक्सलचा नट आवळायचा. टोप्यांचे नट शेवटी, फोर्क चारदोनदा खाली-वर दाबून दोन्ही पाय आपापल्या जागी आल्यावर.

फोर्क दाबायचा हे ऐकताच काका उठले आणि मिलिटरी चपळाईने गाडीवर बसले. खाली चौरंग होता. करकर असा आवाज आला.

"काय मोडलं रे?" आतून आई.

मराठी, कन्नड आणि फौजी हिंदी अशा तिन्ही भाषांतून एकदम उत्तर गेलं, "काही नाही!"

नंतर मी पेट्रोल भरायला निघालो, तेही नियमात बसतं म्हणून. काका मागे. एरवी जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक म्हणजे गाडीला केलेली विनंती. ऐकेल तर ऐकेल. पण दुसऱ्या रेल्वे गेटापाशी दांडा खाली येताना मी लिव्हर दाबला आणि गाडी अशी जागच्या जागी थांबली, की काकांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं.

शेजारी स्कूटरवर थांबलेल्या माणसाने वळून पाहिलं. काकांनी हेल्मेट सरळ केलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला सांगितलं, "पुढचं चाक मी बसवलंय. हा पाने देत होता."