चांद्रयान चालते, कुंडली चालत नाही

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत यंदा एक पुष्प फलज्योतिषाच्या चिकित्सेवर असावे की नसावे, यावरून पेटलेला वाद मी इथे बर्मिंगहॅममध्ये बसून रोज वाचतो आणि रोज चिडतो. विरोधकांचे म्हणणे असे की विज्ञानावर जरूर बोला, चांद्रयानावर बोला, कृष्णविवरांवर बोला, पण श्रद्धेला हात लावू नका. म्हणजे श्रोत्याने टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जाऊन पत्रिका जुळवावी, एवढीच विज्ञानाकडून अपेक्षा.

खरे तर चिकित्सेचा उत्तम नमुना पुण्यातच घडला आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांना आवाहन केले: हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका देतो, कोणती कोणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ठरवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. यात कोणाच्या श्रद्धेची टिंगल कुठे झाली, हे मला अजून समजलेले नाही.

इथे इंग्लंडमध्ये १८५३ साली मायकेल फॅरडेने हेच केले. टेबलाभोवती हात ठेवून बसले की मृतात्मे टेबल हलवतात, अशी तेव्हा हवा होती. त्याने प्रामाणिक माणसेच निवडली, हातांखाली मऊ चिकट पदार्थाने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि दाखवून दिले की आधी हात सरकतात, टेबल मागून. माणसे खोटे बोलत नव्हती. आपण ढकलत आहोत हे त्यांना कळत नव्हते, इतकेच. हा फॅरडे स्वतः कडवा धार्मिक होता, हे आमच्या श्रद्धारक्षकांना कोणी तरी सांगायला हवे.

अर्थात इथले सगळे शहाणे आहेत असे नाही. एप्रिल २०२० मध्ये फाइव्ह-जीने करोना पसरतो म्हणून याच शहरात मोबाइलचा मनोरा पेटवला गेला. कोणी सहकारी भारतातल्या बुवाबाजीवर हसला की मी तो मनोरा आणि गोवराच्या लसीने मुले स्वमग्न होतात ही वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने उठवलेली आवई लगेच पुढे करतो. गावाला नावे ठेवण्याचा हक्क माझा आहे, त्याचा नाही.

पबच्या माडीवर होणाऱ्या संशयवाद्यांच्या व्याख्यानांना मी नेमाने जातो आणि होमिओपॅथीची सालटी निघाली की मनमुराद हसतो. पण त्या हसण्यात माझे काहीच पणाला लागलेले नसते. त्या समजुती त्यांच्या, त्या जपणारी आजीही त्यांचीच. माझी ईर्षा जागी होते ती गावच्या सभागृहासाठी, जिथे आता माझी खुर्चीसुद्धा नाही.

मी आयोजकांना तावातावाने पत्र लिहिले. त्यांतल्या एका जुन्या मित्राचे उत्तर आले: "तुला तिकडून लिहायला काय जाते? दारात उभे आम्हाला राहायचे आहे." दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या गेल्या आणि जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला तो त्यानंतर. इथे व्याख्यान लांबले तर माझी फार तर शेवटची बस चुकते. तरीही ते पुष्प वगळू नये असेच मला वाटते, आणि हे मत मित्राला पुन्हा कोणत्या तोंडाने कळवावे, ते सुचत नाही.