दीडशेची गोळी आणि परभणीकडच्या मेडिकलवाल्या दादांचा राग

दादा, तुम्ही लिहिलंत: 'अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीय म्हणून बाई येते. मी फ्लुकोनाझोल दीडशेची एक गोळी देतो, ती बरी होते. तुम्ही मात्र आधी तपासून घ्या म्हणता. बाई डॉक्टर गाठायची तर तिचा दिवसाचा रोज बुडतो. शहरातल्या गप्पा आम्हाला सांगू नका.'

रोज बुडतो हे खरंय, आणि गोळीही वाईट नाही. साध्या कॅन्डिडाला, म्हणजे योनीतल्या बुरशीला, १५० मिलिग्रॅमचा एक डोस बहुतेक वेळा पुरतो. माझं भांडण आहे ते 'पांढरं जातंय' एवढंच ऐकून पाकीट फाडण्याशी. दह्याच्या चोथ्यासारखं, फारसा वास नसलेलं आणि खाज फार, तर बहुधा कॅन्डिडा. पातळ, करडं, मासळीसारखा वास असेल तर तो जंतूंचा प्रकार. पिवळट-हिरवं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनासचा, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या परजीवीचा, संशय घ्यायचा. या शेवटच्या दोन्हींना मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं, फ्लुकोनाझोलने काही होत नाही. ट्रायकोमोनासमध्ये नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर बाई एकटीच गोळ्या गिळत बसते. तपासणीची सोय नाही तिथे सरकारही लक्षणांवरूनच औषध देतं. पण सरकारच्या त्या हिरव्या किटमध्ये, म्हणजे औषधांच्या तयार पाकिटात, फ्लुकोनाझोलसोबत सेकनिडाझोल असतं, ते याचसाठी. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या विभागात, ते फुकट मिळतं. हा पत्ता तुमच्या काउंटरवर लावलात तरी पुष्कळ झालं.

दुसरं, दिवस गेलेत का? गरोदरपणात पोटातून फ्लुकोनाझोल टाळतात. त्याऐवजी क्लोट्रिमाझोल हे बुरशीचंच औषध योनीत ठेवायचं, आठवडाभर. आता नवरा शेजारी उभा असताना ती तुम्हाला पाळीची तारीख सांगणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून तर म्हणते, शंका असेल तिथे हात क्लोट्रिमाझोलकडे जाऊ द्या. गुण तेवढाच येतो. क्लोट्रिमाझोलच्या मलमाने रबरी निरोध कमजोर होतो, तेवढं मात्र सांगा.

आणि वर्षात तिसऱ्यांदा आलेली बाई? तिला आणखी एक गोळी देण्याआधी शुगर तपासायला पाठवा. इथे तुमच्या हातात डॉक्टरपेक्षा जास्त माहिती असते. डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पहिलं पेटंट २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली, आता तालुक्यातालुक्यात चालते. ती शुगर लघवीवाटे बाहेर काढते आणि तिथे बुरशीचं फावतं. म्हणजे शुगरची गोळीही तुमच्याच दुकानातली, खाजेचीही तुमच्याच! दोन्ही पावत्या शेजारी ठेवून पाहणारं गावात दुसरं कोण आहे? ग्लिमेपिराइड ही शुगरची दुसरी गोळी चालू असेल तर आणखी सांभाळा. फ्लुकोनाझोलने त्याचा जोर वाढतो, शुगर एकदम उतरू शकते.

स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेल्या त्या तिहेरी ट्यूबबद्दल एकच वाक्य: या जागेसाठी ती देऊच नका. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून बायका पुन्हापुन्हा मागतात, आणि कातडी पातळ होत जाते.

'एवढ्याशा पांढऱ्यासाठी एवढा बाऊ' असंही तुम्ही म्हणालात. बीडचं आठवा. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या आकड्यांत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातंय, पोट दुखतंय, अशाच तक्रारी घेऊन कितीतरी जणी दवाखान्यात गेल्या होत्या. नीट न विचारता दिलेल्या औषधाने बरं वाटलं नाही, की पुढचा सल्ला 'पिशवीच काढून टाका' असा येतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, रात्री आठला आलेल्या बाईला मग देऊ तरी काय? फ्लुकोनाझोल शेड्यूल एचमधलं आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. खाज आहे, वास नाही, ओटीपोटात दुखत नाही, ताप नाही, असा त्रास आधी होऊन निदान झालेलं आहे, तर क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या १०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, रोज रात्री एक. ओटीपोट दुखत असेल, ताप असेल किंवा आठवड्यात उतार पडला नाही तर रोज बुडाला तरी चालेल, तिला उपजिल्हा रुग्णालयात पाठवा.